अलंकाराचा वाटा

इ. स. १९९९ मध्ये फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातील रॅंस शहराच्या पायपर-हाइडसीक या जुन्या मद्यपेढीने झां पॉल गोतिए या विख्यात वस्त्ररचनाकाराला पाचारण केले आणि आपल्या बाटलीच्या अंगावर लाल व्हिनाइलची, दोऱ्यांनी आवळलेली काचोळी चढवून घेतली. पुढे २००७ मध्ये व्हिक्टर आणि रोल्फ या डच जोडीने त्याच पेढीची बाटली उलटी करून दाखविली, आणि २००९ मध्ये ख्रिस्तियां लुबुतां या पादत्राणकाराने मद्यप्राशनासाठी स्फटिकवत काचेची उंच टाचेची चप्पल घडवून दिली. या पेढीच्या दफ्तरात अशा सहयोगाची परंपरा बरीच जुनी आहे. १७८५ मध्ये स्थापन झालेल्या या घराण्याच्या शताब्दीनिमित्त १८८५ मध्ये रशियाच्या झारांचा रत्नकार कार्ल फाबर्जे याने तिच्यासाठी सुवर्ण, हिरे आणि लाजवर्द यांनी मढविलेली बाटली तयार केली होती. परक्या मुलखातील धनिकांचा विलास म्हणून हा सारा वृत्तांत आपण बाजूला ठेवला असता. परंतु याच पेढीचे तंत्रज्ञ एकोणीसशे ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगावी आले, श्यामराव चौगुले यांच्या कारखान्यात त्यांनी स्पार्कलिंग वाईन करण्याची विद्या शिकविली, आणि सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील द्राक्षांपासून निघालेले ते पेय ‘ओमर खय्याम’ या नावाने युरोपच्या बाजारात गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे रॅंसची ती काचोळी आपल्याही उंबरठ्याशी येऊन उभी राहते. तिच्याबरोबर एक प्रश्नही येतो, आणि तो आपल्या तत्त्वचिंतनातील फार जुना प्रश्न आहे: जो एखादी वस्तू निर्माण करीत नाही, विकीतही नाही, केवळ तिला सजवितो, त्याच्याकडे त्या वस्तूच्या बऱ्यावाईट फळाचा वाटा जातो की नाही, आणि जात असेल तर किती?

हा विचार मी चेन्नईच्या दक्षिण अंगाला पेरुंगुडीत राहून करीत आहे, आणि या स्थळाचा निर्देश विषयाला सोडून नाही. येथे राजीव गांधी सालै या हमरस्त्याच्या कडेने संगणकउद्योगाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, ज्यांत पुण्या-नाशिकाकडची पुष्कळ मराठी मुले उपजीविकेसाठी येऊन राहतात; आणि त्याच पेरुंगुडीच्या पाठीशी पळ्ळिकरणैची पाणथळ भूमी आहे, जिला २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले, परंतु जिच्या काठावर दक्षिण चेन्नईचा कचरा कित्येक दशके ओतला गेला. नगरात जे जे सजवून विकले जाते त्याची सजावट उतरल्यावर काय उरते, हे येथे पाहावयास मिळते. काच कुजत नाही, जळत नाही, मातीशी एकरूप होत नाही. तमिळनाडूत मद्याची किरकोळ विक्री २००३ पासून सरकारच्याच महामंडळाकडे असल्याने रिकाम्या बाटलीची जबाबदारीही अखेरीस सरकारवर आली, आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये प्रथम निलगिरी जिल्ह्यात प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये जादा घेऊन, बाटली परत आणणाऱ्यास ते परत देण्याची पद्धत सुरू झाली. न्यायालयाने त्या बाटलीच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा विचारात घेतला. मला येथे तिच्या आयुष्याचा अगदी पहिला टप्पा, म्हणजे ती पाहणाऱ्याच्या मनात प्रवेश करते तो क्षण, विचारात घ्यावयाचा आहे.

तत्पूर्वी ज्या पेयाविषयी हे बोलणे चालले आहे त्याच्या कारागिरीला न्याय देणे अवश्य आहे, कारण ज्याला एखाद्या विद्येची कदर नाही त्याला तिच्यावर निवाडा देण्याचा अधिकार नाही. साधे द्राक्षमद्य तयार झाल्यावर ते बाटलीत भरून त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात व बाटली बंद करतात. मग आतल्या आत दुसरे किण्वन होते, त्यातून निघणारा वायू बाहेर जाऊ न शकल्याने द्रवातच विरतो, आणि बाटलीत साधारण सहा वातावरणांइतका दाब साठतो, ज्याला टिकण्यासाठी जाड काच आणि तारेने जखडलेले बूच लागते. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, या बाटल्या अंधाऱ्या तळघरात पडून असतात; मग त्या हळूहळू डोक्यावर उभ्या करीत, रोज थोड्या फिरवीत, मृत यीस्टचा गाळ बुचाशी आणावा लागतो, आणि मान गोठवून तो गाळ एका झटक्यात बाहेर काढावा लागतो. गाळ उतरविण्याची ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॅंसच्याच बार्ब-निकोल क्लिको या बाईंच्या तळघरात सिद्ध झाली. १८०५ मध्ये तरुणपणीच वैधव्य आलेल्या या बाईंनी पतीमागे पेढी चालविली आणि नावारूपाला आणली. अशा दीर्घ, निमूट आणि जिकिरीच्या श्रमाला मी हलके लेखणार नाही. नारायणगावच्या त्या पहिल्या कारखान्याचा डोलारा पुढे कर्जाखाली कोसळला. परंतु २००१ च्या महाराष्ट्र शासनाच्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने अबकारीत सवलती मिळाल्या, विंचूर आणि पलूस येथे वाईन उद्योगासाठी स्वतंत्र वसाहती आखल्या गेल्या, नाशिकची सुला ही मद्यपेढी वाढली, आणि २०१३ मध्ये शांदों ही फ्रेंच पेढी दिंडोरी तालुक्यातील द्राक्षांपासून केलेली स्पार्कलिंग वाईन घेऊन बाजारात आली. अवकाळी पावसाने आणि गारपिटीने दरसाल धास्तावलेल्या द्राक्षबागाईतदाराला यातून जो आधार मिळाला, तो मिळू नये असे म्हणणारा मी कोणी नव्हे.

प्रश्न काचोळीचा आहे.

आपल्या देशात मद्य आणि वस्त्र यांची नावे एका दमात घेतली गेली तो प्रसंग मोठा तेजस्वी होता. १९३० च्या सत्याग्रहात गांधीजींनी स्त्रियांकडे विशेषेकरून जे काम सोपविले, ते दोन प्रकारच्या दुकानांवर निरोधन करण्याचे होते: एक दारूचे दुकान, दुसरे विदेशी कापडाचे. त्याच वर्षी १२ डिसेंबरला मुंबईच्या काळबादेवीवर विदेशी मालाच्या लॉरीपुढे आडवा झालेला बाबू गेनू हा आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचा. म्हणजे ज्या भूभागात पुढे अर्धशतकानंतर फ्रेंच विद्येने स्पार्कलिंग वाईन होऊ लागली, त्या जुन्नर-नारायणगावच्या अगदी शेजारचा. मी या दोन घटना एकमेकींसमोर उभ्या करतो त्या कोणाला लाजविण्यासाठी नव्हे. विदेशी कापडावरील आक्षेप आर्थिक आणि राजकीय होता, दारूवरील आक्षेप नैतिक आणि कौटुंबिक होता, आणि स्वराज्य मिळाल्यावर पहिल्याचा आधार बराचसा संपला. परंतु कापड ही केवळ अंग झाकण्याची वस्तू नसून ती मनाला दिशा देणारी वस्तू आहे, हा विचार खादीच्या चळवळीत मूलभूत होता. मनुष्य काय नेसतो यावरून तो कशाची इच्छा धरतो हे ठरते, असा तो विचार होता. ज्यांनी बाटलीला वस्त्र नेसविले त्यांनाही हे सत्य पुरेपूर ठाऊक आहे. फक्त त्यांनी त्याचा विनियोग विरुद्ध दिशेने केला.

या मद्रास इलाख्यात तर या विषयाची राजनीतीही फार खोल गेलेली आहे. राजगोपालाचारी यांनी १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदीचा अंमल सुरू केला, तिच्यामुळे बुडालेले अबकारीचे हशील भरून काढण्यासाठी १९३९ मध्ये विक्रीकर बसविला, आणि राज्याचा खजिना दारूवाचूनही चालू शकतो हे दाखविण्याचा प्रामाणिक यत्न केला. पुढे राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदात मादक पेयांच्या बंदीसाठी झटण्याचे कर्तव्य राज्यसंस्थेवर घातले गेले. तमिळनाडूतील बंदी १९७१ मध्ये उठली. नंतर ती आली, गेली. आज तेच राज्य स्वतः विक्रेता आहे. कर्तव्य घटनेत आणि उत्पन्न अंदाजपत्रकात, अशी ही स्थिती आहे आणि ती दुःखद आहे, इतकेच नोंदवून मी पुढे जातो.

शास्त्रांकडे वळावे तर तेथेही एकच एक उत्तर मिळत नाही, आणि मिळते असा बहाणा करणे अप्रामाणिक होईल. बौद्ध परंपरेने उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रे, प्राणी, मांस आणि विष यांच्या पंक्तीला मद्यही बसविले आहे. जैन श्रावकाला त्याज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य, म्हणजे मद्यादी रसांचा व्यापार, आहे. याच्या उलट शाक्तांच्या एका मार्गाने मद्याला पूजाद्रव्य केले, ख्रिस्ती उपासनेने ते वेदीवर ठेवले, आणि तमिळांच्या संघकालीन काव्यात अव्वैयार ही थोर कवयित्री आपल्या आश्रयदात्या अदियमानाच्या मृत्यूवर शोक करताना त्याच्याबरोबर घेतलेल्या ताडीची आठवण निःसंकोचपणे करते. ख्रिस्ती उपासनेतील एक गोष्ट येथे विशेष विचारार्ह आहे. मद्य आणि भरजरी वस्त्र यांचे साहचर्य तेथे पॅरिसच्या कोणत्याही वस्त्ररचनाकाराहून कितीतरी शतके जुने आहे. चषक सोन्याचा, पुरोहिताचा झगा रेशमी आणि कशिद्याचा. पण तेथे मद्य घोटभर असते, ते सर्वांचे मिळून असते, आणि झगा पाहून कोणाला तहान लागावी असा त्यामागे उद्देश नसतो.

आणि मग तिरुवळ्ळुवर. लोकपरंपरा त्याला मैलापूरचा मानते आणि विणकर मानते. ज्या मनुष्याच्या हातात माग होता असे हा प्रदेश पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला, त्यानेच आपल्या तिरुक्कुरळातील त्र्याण्णवावा अध्याय, दहाच्या दहा द्विपद्या, मद्य न पिण्यावर खर्ची घातला. ही परंपरा ऐतिहासिक आहे की नाही, याचा वाद विद्वानांनी खुशाल करावा; एक समाज आपल्या सर्वश्रेष्ठ नीतिकाराच्या हाती कोणते हत्यार देतो, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. विणकराने मद्याविषयी काय म्हणावे हे तमिळ लोकमनाने अशा रीतीने ठरवून ठेवले आहे.

आता मूळ प्रश्नाला हात घालतो. पतंजलींच्या योगसूत्रांत हिंसेचा विचार करताना तिचे तीन प्रकार सांगितले आहेत: कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली, आणि दुसऱ्याने केलेली पाहून मानलेली. हे वर्गीकरण मला आपल्या नीतिशास्त्राचे एक महान धन वाटते, कारण जबाबदारी केवळ हाताशी संपत नाही, ती संमतीपर्यंत पोहोचते, असे ते स्पष्ट सांगते. तोच गज घेऊन मोजले तर मद्य करणारा पहिल्या वर्गात, विकणारा दुसऱ्यात, आणि सजविणारा वरवर पाहता तिसऱ्यात, सर्वांत सौम्य वर्गात पडतो. मी पुष्कळ काळ येथेच थांबावे असे मानीत आलो असतो, जर गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ती सुप्रसिद्ध साखळी डोळ्यांपुढे नसती, जिच्यात विषयाच्या ध्यानातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, आणि पुढे संमोह, स्मृतिभ्रंश व बुद्धिनाश असा क्रम लावला आहे. या साखळीत पिणे ही क्रिया कोठेही नाही. विनाशाचा आरंभ ओठांशी होत नसून ध्यानाशी होतो, मन एखाद्या रूपाभोवती घुटमळू लागते तेथे होतो. आणि त्या रूपाचा कर्ता कोण? मद्यकाराने रस केला. त्या रसाची ज्याला ओढ नव्हती, त्याच्या मनात प्रथम कुतूहल आणि मग ओढ निर्माण करण्याचे काम काचोळीने केले. तहानलेल्याला पाणी दाखविणे वेगळे, आणि न तहानलेल्याला तहान देणे वेगळे. या दृष्टीने पाहता सजविणारा तिसऱ्या वर्गातला उरत नाही; तो दुसऱ्या वर्गातला, करविणारा होतो, आणि साखळीच्या अगदी पहिल्या कडीपाशी बसलेला असल्याने त्याचा वाटा विक्रेत्याहून कमी आहे असे मला म्हणवत नाही.

यावर कलावंताचा आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. तो म्हणेल की सौंदर्य निर्माण करणे हा माझा धर्म. माझ्या रेषेचा, रंगाचा, पोताचा विचार आपल्या जागी पूर्ण आहे, आणि तो कोणत्या वस्तूवर बसला यावरून त्याची किंमत ठरविणे म्हणजे कलेला नीतीची दासी करणे होय. मराठीत कला आणि नीती यांचा हा झगडा फडके-खांडेकरांच्या काळापासून आपण ऐकत आलो आहो. मला वाटते या आक्षेपात सत्याचा मोठा अंश आहे, पण तो चित्राला, मूर्तीला, कवितेला लागू पडतो. कारण तेथे रूप हेच अंतिम असते, त्याच्यामागे विकावयाची दुसरी वस्तू दडलेली नसते. अलंकाराची गोष्ट निराळी आहे. अलंकार स्वभावतःच परतंत्र आहे, तो कोणाचा तरी असतो. ज्याने अलंकार घडविण्याचा करारनामा केला, त्याने अलंकार्याशीही नाते पत्करले.

मग अलंकार मुळातच निंद्य काय? मुळीच नाही, आणि याचे उत्तर या दक्षिण देशाइतके कोणी चांगले दिले नसेल. येथील देवालयांत मूर्तीचा शृंगार ही एक परिपूर्ण विद्या आहे: चंदनाचे लेपन, पट्टुवस्त्रांच्या निऱ्या, फुलांच्या जाड माळा, रत्नजडित कवच. पण त्या शृंगाराला एक क्रम आहे. आधी अभिषेक, मग अलंकार. काळीभोर, ओली, निराभरण मूर्ती भाविकाने आधी पाहिलेली असते, आणि नंतर चढलेले वस्त्र त्या मूर्तीचे म्हणून तो पाहतो, मूर्तीऐवजी नव्हे. पंढरपुरी पांडुरंगाच्या नित्यपूजेतही पंचामृतस्नान आधी आणि पोशाख मागाहून. चेन्नईच्या उत्तरेस तिरुवोट्टियूर येथे तर या तत्त्वाची पराकाष्ठा आहे: तेथील आदिपुरीश्वराच्या लिंगावर वर्षभर कवच असते, आणि तमिळ कार्तिकै महिन्यातील पौर्णिमेच्या सुमारास केवळ तीन दिवस ते उतरविले जाते. त्या तीन दिवसांत तेथे जी गर्दी लोटते ती कवच पाहण्यासाठी नसून कवचाखालचे पाहण्यासाठी असते, आणि बाकीच्या वर्षातील कवचाला अर्थ आहे तो या तीन दिवसांमुळे. यातून मला एक कसोटी मिळते आणि ती मी कोणत्याही अलंकाराला लावावयास तयार आहे: अलंकार काढून ठेवला असता आतली वस्तू सर्वांसमक्ष उभी राहू शकेल काय, आणि अलंकार करणारा ती तशी उभी करण्यास राजी आहे काय?

या कसोटीला व्यापारातील सहयोग बहुधा उतरत नाही. आपल्याकडे केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनी मद्याच्या जाहिरातीला मनाई केली. तेव्हा मद्याच्या नावाने संगीताच्या तबकड्या निघाल्या, सोडा निघाला, आणि २००५ पासून एका व्हिस्कीच्या नावाने देशभर वस्त्रप्रदर्शनांचे दौरे सुरू झाले, ज्यांत आपल्या नामवंत वस्त्ररचनाकारांनी हौसेने भाग घेतला. येथे अलंकाराने वस्तूला झाकलेही नाही. वस्तू मंचावरून संपूर्ण काढून टाकली आणि केवळ अलंकार उरला, ज्याच्या प्रत्येक निरीवर त्या अनुपस्थित वस्तूचे नाव होते. कायद्याचे अक्षर पाळले गेले असेल, परंतु ज्या हेतूने ती मनाई घातली होती तो हेतू या पोशाखाच्या आडून निसटून गेला, आणि तो निसटू देण्यात कलावंतांचा हात होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

रॅंसच्या लाल काचोळीतील कल्पकता मी नाकारीत नाही, आणि नाशिकच्या एखाद्या मद्यपेढीने उद्या येवल्याच्या पैठणीचा पदर किंवा कांचीपुरमचे जरीकाठ आपल्या बाटलीवर उमटवायचे ठरविले तर ते देखणे होईल यातही शंका नाही. किंबहुना मागावर बसणाऱ्याला त्यातून चार पैसे मिळतील, ही गोष्ट माझ्यासारख्याला गप्प करण्याइतकी बलवान आहे. पण या वस्त्रांना जी प्रतिष्ठा आहे ती विवाहाने, सणाने, आईच्या पेटीतून मुलीकडे येण्याने त्यांना प्राप्त झालेली आहे, आणि ती प्रतिष्ठा करारनाम्यावर सही करणाऱ्याची खाजगी मिळकत नाही. ती उसनी देण्यापूर्वी त्याने ज्या वस्तूला ती द्यावयाची त्या वस्तूचे निराभरण दर्शन घ्यावे, एवढी अट मी घालू इच्छितो.

असे दर्शन घेण्याची जागा पेरुंगुडीहून फार दूर नाही. अडयारजवळच्या इंदिरानगरात टी. टी. रंगनाथन यांच्या नावाने चालणारे व्यसनोपचार रुग्णालय आहे. ज्या शांती रंगनाथन यांनी ही संस्था १९८० मध्ये सुरू केली, त्यांचे पती व्यसनानेच गेले होते, आणि ते घराणे मद्रासमधील अत्यंत सुप्रतिष्ठित उद्योगपतींचे होते. पुण्यात अनिल आणि अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या साहाय्याने १९८६ मध्ये उभे केलेले मुक्तांगण आहे. जे तरुण मराठी वस्त्ररचनाकार, चित्रकार, छायाचित्रकार आज किंवा उद्या अशा करारनाम्यावर सही करण्याच्या विचारात असतील, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी या दोहोंपैकी एका ठिकाणी, तेथील लोकांची अनुज्ञा घेऊन, एक दुपार बसावे, रुग्णांच्या बायकांशी बोलावे, आणि मग सही करावयाची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.